वऱ्हाडातला अर्धा र : प्रमाण, मानक आणि विस्तार

मराठी समीक्षाव्यवहारात काही प्रश्नांना हात लावणे समीक्षकाच्या इभ्रतीला शोभणारे मानले जात नाही. कागद, छपाई, मुद्रितशोधन हे असे प्रश्न होतेच. संगणकावरील अक्षरांच्या प्रश्नाची त्यांत भर पडली आहे. जिल्ह्यातील एका चर्चासत्रात प्रस्तुत लेखकाने हा विषय मांडला तेव्हा अध्यक्षस्थानावरून आलेले उत्तर प्रातिनिधिक म्हणावे असे होते : हा तंत्रज्ञांचा प्रश्न आहे, आपण संहितेकडे वळू. संहितेकडे वळण्यापूर्वी संहिता हाती असावी लागते, ही साधी अट त्या उत्तरात पुरी झाली असे गृहीत धरले होते. ती आज पुरी होत नाही. आणि ती पुरी न होण्यास तंत्रज्ञांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, आपण मराठीचे अध्यापक आणि समीक्षक जबाबदार आहोत, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आरंभ आमच्या प्रांताच्या नावापासूनच करू. ‘वऱ्हाड’ या शब्दात व आणि ह यांच्यामध्ये जो अर्धा र येतो तो रफार नव्हे. रफार पुढील अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि मागील अक्षरावर आघात आणतो; हा र आडवा, लहानशा वळणाचा, पुढच्या अक्षराला हलकेच चिकटणारा. संस्कृतला त्याची गरज नाही, हिंदीला नाही. मराठीला आहे, कारण मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यांना नमस्कार करावयाचा असतो, दुसऱ्यांना स्वयंपाकाचे सांगावयाचे असते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. आता वृत्तपत्रांची संकेतस्थळे, परिपत्रके, महाविद्यालयांचे अहवाल उघडून पाहावेत. तेथे ‘वर्हाड’ आढळेल, ‘कुर्हाड’ आढळेल, ‘दुसर्या’ आढळेल; आणि ज्या जिल्ह्याच्या बातम्यांत शेतकरी हा शब्द रोज येतो तेथे ‘शेतकर्यांच्या’ हे रूप इतक्या वेळा आढळेल की नव्या विद्यार्थ्याला तेच मूळ वाटावे. माझ्या वर्गात ते तसे वाटू लागले आहे. उत्तरपत्रिकेत, म्हणजे जेथे हातात पेन आहे आणि संगणकाचा काही संबंध नाही तेथेही, ‘शेतकर्यांच्या’ असे रफार देऊन लिहिलेले मी तपासले आहे.

हा शुद्धलेखनाचा प्रमाद आहे असे समजून लाल शाईने खूण करणे सोपे आहे. मीही काही वर्षे तेच केले. वस्तुतः संकेतस्थळावरच्या त्या मजकुराचे टंकन करणाऱ्याने बहुधा बरोबरच टंकन केलेले असते. चूक नंतर, प्रवासात झालेली असते. ती कशी होते हे समजण्यासाठी थोडे आडवळण घेऊन अशा एका क्षेत्रात जावे लागेल, जेथे भाषेचे मानक कोणाचे, त्यात भर कोणी घालावी आणि घातलेली भर कोणी मानावी हा वाद गेली चार दशके उघडपणे चालला आहे. ते क्षेत्र संगणकाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांचे.

बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘सी’ ही भाषा घडविली. ब्रायन कर्निगन आणि रिची यांचे तिच्यावरील पुस्तक १९७८ साली आले आणि पुढील दहा वर्षे व्यवहारात तेच व्याकरण होते. या भाषेत लिहिलेला मजकूर यंत्राला थेट कळत नाही. तो वाचून यंत्राच्या आज्ञांत उतरविणारा एक प्रोग्रॅम लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. आपल्या परिभाषेत बोलायचे तर कंपायलर हा त्या संहितेचा वाचक आहे. अनेकांनी अनेक कंपायलर केले, आणि प्रत्येक वाचकाने आपल्या सोयीप्रमाणे काही जादा शब्द, काही जादा रचना स्वीकारावयास सुरुवात केली. वाचक बदलला की अन्वय बदलतो ही गोष्ट साहित्यात भूषणावह मानली जाते. येथे मात्र त्यामुळे एका यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेनासा झाला. म्हणून १९८९ साली अमेरिकेत आणि १९९० साली आंतरराष्ट्रीय पातळीवर सी भाषेचे मानक सिद्ध झाले.

आपल्याकडील वाचकाला येथे वाटेल की मानक आले म्हणजे भर घालण्यास बंदी आली. तसे झाले नाही, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातील विचारास चालना देणारी गोष्ट ती आहे. सी भाषेचे मानक कंपायलरला विस्तार करण्याची मोकळीक देते. मात्र दोन अटींवर. जो मजकूर काटेकोरपणे मानकानुसार लिहिलेला आहे त्याचे वर्तन त्या विस्तारामुळे बदलता कामा नये, ही एक. आणि केलेला प्रत्येक विस्तार सोबतच्या दस्तऐवजात नोंदलेला असला पाहिजे, ही दुसरी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर मुक्तपणे वापरण्यास दिला. त्याने सी भाषेत विपुल भर घातली आहे, पण त्याच्या माहितीपुस्तकात या विस्तारांचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ‘पेडँटिक’ नावाची एक सूचनाही आहे. ती दिली की मानक जेथे जेथे इशारा देणे आवश्यक मानते तेथे कंपायलर इशारा देतो : हे मानकात नाही, ही माझी भर आहे. पंडिती काटेकोरपणाला शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द त्या लोकांनी उपयुक्त खटक्याचे नाव म्हणून ठेवला, याचे मला कौतुक वाटते. अशा विस्तारांपैकी काही पुढे मानकाने स्वीकारले. एखाद्या पदाचा प्रकार विचारून घेणारी ‘टाइपऑफ’ ही जीसीसीची कित्येक वर्षांची बोली सी भाषेच्या अगदी अलीकडच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकात दाखल झाली आहे.

विस्ताराचे दुसरे टोकही सांगावयास हवे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची जावा ही भाषा कोणत्याही यंत्रावर सारखीच चालावी अशा प्रतिज्ञेवर उभी होती. मायक्रोसॉफ्टने परवाना घेऊन जावाची स्वतःची आवृत्ती काढली आणि तिच्यात केवळ विंडोजवर चालतील अशा गोष्टी मिसळल्या. १९९७ च्या ऑक्टोबरात सनने दावा लावला. २००१ च्या जानेवारीत दोन कोटी डॉलर घेऊन तो मिटला. भाषेत कोणी भर घातली म्हणून न्यायालयात जाणारे लोक आहेत हे ऐकून आपल्याला गंमत वाटेल. पण तक्रार भर घातल्याची नव्हती. भाषेचे नाव तेच ठेवून, ती तीच आहे असा भास राखून, लिहिणाऱ्याला नकळत एका दुकानात बांधून घेतल्याची ती तक्रार होती.

उघड विस्तार आणि छुपा विस्तार हा भेद ध्यानात ठेवून आता मराठीकडे यावे.

भारतीय लिप्यांसाठी मानक नव्हते असे नाही. भारतीय मानक ब्यूरोचे ‘इस्की’ हे मानक १९९१ चे. त्याची १९८८ ची आवृत्ती आधाराला घेऊन युनिकोडमधील देवनागरी विभाग रचला गेला, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. इस्कीमध्ये विस्तारासाठी एक वेगळे संकेतस्थान राखलेले होते. वैदिक स्वरचिन्हांसारख्या गोष्टी त्याच्या आधारे लिहिता येत. याचा अर्थ, ज्यांनी हे मानक केले त्यांना मानक अपुरे पडणार हे ठाऊक होते आणि त्यांनी दार उघडे ठेवले होते. परंतु मराठी पुस्तक ज्या रीतीने प्रत्यक्ष घडू लागले ती रीत निराळीच होती. पानांची जुळणी करणाऱ्या त्या काळच्या प्रणालींना रोमन लिपीच कळत असे. म्हणून रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविण्यात आले : एका जागी अर्धा क, दुसऱ्या जागी काना, तिसऱ्या जागी वेलांटी. जागा जेमतेम दोनशे छप्पन, त्यांतल्याही सगळ्या वापरता येण्याजोग्या नाहीत. कोणता तुकडा कोणत्या जागी बसवावयाचा हे प्रत्येक उत्पादकाने आपले आपण ठरविले. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव ही नावे छापखान्यात वावरलेल्या प्रत्येकाला परिचित आहेत. इस्कीच्या घडणीशी निकटचा संबंध असलेल्या पुण्याच्या सी-डॅकनेही टंकांसाठी निराळी संकेतयोजना केली होती. पडद्यावर आणि कागदावर दिसे मराठी. यंत्राच्या स्मृतीत असे रोमन अक्षरांची निरर्थक ओळ. ‘कि’ मधील वेलांटी डोळ्याला आधी दिसते म्हणून ती आधी साठविली जाई, क नंतर. उच्चाराचा क्रम हरवला, म्हणजे अकारविल्हे लावणे गेले, शब्द शोधणे गेले. टंक बदलला की मजकूर गेला.

अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदवितो की या टंकांमुळेच गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तालुक्याच्या गावी पुस्तक निघू शकले. खिळे जुळविणाऱ्या छापखान्याला जे परवडले नसते ते दोन संगणकांच्या दुकानाने करून दाखविले. ग्रामीण, दलित आणि आदिवासी लेखकांची किती पहिली पुस्तके अशा दुकानांतून निघाली याचा इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही. तो लिहिला जावा. माझा आक्षेप त्या सोयीला नाही. ती सोय एक खाजगी विस्तार आहे, तिची किल्ली उत्पादकाजवळ आहे आणि किल्लीची नोंद आपल्याजवळ नाही, हे आपल्यापैकी कोणीही विचारले नाही, याला आहे.

मीही विचारले नाही. माझ्या प्रबंधाचे टंकन २००७ साली बुलढाण्यातील एका दुकानात झाले. विषय जात्यावरच्या ओव्यांचा होता. परिशिष्टात मेहकर, लोणार आणि सिंदखेड राजा या तालुक्यांतून ऐकून लिहिलेल्या ओव्या होत्या. गाताना बायका कित्येक ठिकाणी ए आणि ओ ऱ्हस्व करतात आणि त्यावर ओवीची लय उभी असते. आपली वर्णमाला ए-ओ हे स्वर दीर्घच मानते. तो ऱ्हस्वपणा दाखविल्याशिवाय परिशिष्टाला अर्थ नव्हता. दुकानात बसणाऱ्या तरुणाने दोन दिवस खपून टंकात दोन नवी चिन्हे घडविली, वापरात नसलेल्या दोन रोमन जागांवर ती बसविली, आणि मला झालेला आनंद अजून आठवतो. आज ती फाइल उघडली तर रोमन अक्षरांचा चिखल दिसतो. रूपांतर करून देणाऱ्या प्रणालींतून ती काढली तर बहुतेक मजकूर परत येतो. ती दोन चिन्हे येत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर लयीचा सारा पुरावा जातो. छापील प्रत आहे, पण ती एका ग्रंथालयात बांधून पडलेली आहे; शोधगंगेतील बहुसंख्य जुन्या मराठी प्रबंधांप्रमाणे तिचे केवळ चित्र उरले आहे, त्यात एकही शब्द शोधता येत नाही. खरी शरम पुढेच आहे. देवनागरीतील ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ ही चिन्हे युनिकोडमध्ये पूर्वीपासून आहेत. द्राविडी भाषांतील शब्द देवनागरीत लिहिता यावेत म्हणून ती घेतली गेली. मी ज्यासाठी खाजगी भर घातली ते मानकात आधीच होते. युनिकोड २००७ साली उपलब्ध नव्हते असेही नाही. मी पाहिलेच नाही, कारण मानक या शब्दाशी माझे वैचारिक भांडण होते.

या भांडणाकडे आता वळावयास हवे, कारण ते माझे एकट्याचे नाही. १९६० नंतरच्या मराठी समीक्षेने प्रमाणभाषेच्या वर्चस्वाची जी चिकित्सा केली ती आमच्या पिढीच्या वैचारिक घडणीचा पायाच आहे, आणि मी ती सोडू इच्छीत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम, म्हणजे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, शासनमान्य झाले. त्यांत बोलीतील उच्चारानुसारी रूपांना जागा दिली आहे ती पात्राच्या तोंडी. निवेदकाने मात्र ‘केलं’ असे लिहू नये, ‘केले’ लिहावे. अवतरणचिन्हांच्या आत बोली, बाहेर प्रमाण. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिक वऱ्हाडीत बोलते आणि निवेदन प्रमाणभाषेत चालते, नियम पुढे आले, पण त्यांनी ज्या व्यवहाराला मान्यता दिली तो हाच. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांनी ‘मेड इन इंडिया’मध्ये (१९८७) ते अवतरणचिन्ह ओलांडले आणि निवेदकच वऱ्हाडीत बोलू लागला. कंपायलरच्या परिभाषेत सांगायचे तर हा उघड विस्तार होता : पहिल्याच पानावर कळते की येथे नियमाबाहेरची भाषा आहे, आणि तिच्यामुळे प्रमाणभाषेतील एकही वाक्य बिघडत नाही. वाचकाने तो स्वीकारला. नियमांनी अद्याप स्वीकारलेला नाही.

इथपर्यंत आपण सारे सहमत असू. चूक यापुढे होते. प्रमाणभाषेविषयीचा आपला राग आपण मानकावर काढला, कारण मराठीत ‘प्रमाण’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो : ज्याचा अधिकार मानावयाचा तेही प्रमाण, आणि ज्याने मोजावयाचे तेही प्रमाण. प्रमाणभाषा सांगते की ‘डोळा’ म्हणा, ‘डोया’ म्हणू नका. युनिकोडचे मानक असे काहीही सांगत नाही. ते फक्त सांगते की ड म्हणजे हे स्थान, ओकार म्हणजे ते, य म्हणजे ते. तुम्ही ‘डोया’ लिहा की ‘डोळा’ लिहा, लिहिलेले तेच दुसऱ्याच्या यंत्रावर पोहोचेल. एक उच्चारावर हुकमत चालविते. दुसरे केवळ चिन्हाची ओळख ठरविते. सोस्यूरच्या चिन्हमीमांसेवर वर्ग घेणाऱ्या आपणांस हा भेद न दिसावा हे आश्चर्य आहे. बोलीत लिहिणाऱ्याला तर दुसऱ्याची गरज सर्वांत अधिक आहे. ‘काळा’ हा शब्द फुटून ‘काया’ झाला तर प्रमाणभाषेचा वाचक संदर्भावरून दुरुस्त करून घेईल. वऱ्हाडी लेखकाने ‘काया’ असे मुद्दाम लिहिले असेल तर तो मुद्दाम लिहिला होता याचा पुरावा अक्षराखेरीज दुसरा कोणता?

देशीवादाची भाषा बोलणाऱ्या काही मित्रांचा यावर एक प्रतिवाद असतो, आणि तो मी आदराने ऐकला आहे. त्यांचे म्हणणे असे की युनिकोड ही परदेशी कंपन्यांची संस्था. प्रत्येक दुकानाचा आपला टंक ही एका अर्थाने देशी बहुविधताच होती. मानकीकरण म्हणजे सपाटीकरण. ऐकावयास हे बरे वाटते. परंतु वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांची बहुविधता आणि पाच उत्पादकांच्या पाच संकेतयोजनांची बहुविधता यांत गुणात्मक फरक आहे. पहिली बोलणाऱ्यांची आहे, आणि दोन गावांच्या सीमेवर ती एकमेकांत मिसळते. दुसरी विक्रेत्यांची आहे, आणि ती कुलपासारखी आहे. मायक्रोसॉफ्टच्या जावाला कोणी अमेरिकेतील बोली म्हटले नाही.

खाजगी संकेताचे देशी उदाहरणच हवे असेल तर ते आमच्या वऱ्हाडात आहे, आणि सातशे वर्षांच्या परंपरेचे आहे. महानुभाव पंथाचे आद्य ग्रंथ ज्या भूमीत घडले तेथेच, रवळोबासांच्या नावाशी जोडली गेलेली सकळ लिपी पंथाने स्वीकारली. एका अक्षराच्या जागी दुसरे, अशी ती योजना. पंथाबाहेरच्या वाचकाला हाती पोथी असूनही वाचता येऊ नये अशी. परिणामी ज्या लीळाचरित्रात लोणार आणि मेहकर येथील श्रीचक्रधरांच्या मुक्कामांचे प्रसंग आहेत ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शतकानुशतके जणू नव्हतेच. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या प्रयत्नांनी ती पोथ्यांची कुलपे उघडली आणि मराठी गद्याचा आरंभकाळ पुन्हा लिहावा लागला. पण हे शक्य का झाले? कारण सकळ लिपीला किल्ली होती आणि ती मठामठांतून गुरुशिष्यपरंपरेने जपली गेली होती. लपविणाऱ्यांना आपण काय लपवीत आहोत ते माहीत होते. आपल्या टंकांची किल्ली कोणत्या मठात आहे? मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. तेराव्या शतकातील संहिता आपण प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून मांडतो, आणि १९९५ साली संगणकावर घडविलेल्या नियतकालिकाचा अंक उघडून त्यातील एक शब्द शोधता येत नाही, ही अवस्था त्या आनंदाच्या शेजारीच ठेवतो.

आता त्या अर्ध्या र कडे परत जाऊ, कारण येथे मानकालाही जाब विचारावयाचा आहे. युनिकोडने हा र दोन मार्गांनी लिहू दिला. एक मार्ग म्हणजे द्राविडी भाषांतील र साठी घेतलेले खाली बिंदू असलेले अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरा मार्ग म्हणजे नेहमीचा र, हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला स्वतःची रुंदीही नाही. दुसरा जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवला गेला. अदृश्य चिन्हाचे पुढे काय होणार हे सांगावयास ज्योतिषी नको. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना ‘स्वच्छ’ केला जातो, तेव्हा न दिसणारे चिन्ह केर म्हणून झाडले जाते, आणि उरतो र अधिक हलन्त, म्हणजे रफार. ‘शेतकऱ्यांच्या’चे ‘शेतकर्यांच्या’ होते ते असे. एकच शब्द आज तीन रूपांत साठलेला आहे, त्यांपैकी दोन डोळ्याला एकच दिसतात आणि यंत्राला वेगळी. मराठी ग्रामीण कथेत हा शब्द किती वेळा येतो याची गणना कोणी संशोधकाने सादर केली तर मी पहिला प्रश्न विचारीन की तिन्ही मोजले काय.

मराठीच्या दृष्टीने हा र, ‘ॲ’ हा स्वर, ल आणि श यांची मराठी वळणे हे सर्व हिंदीला मध्यवर्ती धरून कल्पिलेल्या देवनागरीवरचे विस्तारच होत. त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, पहिल्या आवृत्तीनंतर सतरा वर्षांनी, तोवर अ वर चंद्र टेकवून काम भागविले जात होते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणे निश्चित केली, तीत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ स्वर म्हणून आले. १० नोव्हेंबर २०२२ रोजी सुधारित निर्णय निघाला. ल आणि श यांना मात्र वेगळे स्थान नाही, आणि नसावेच. ते वळण आहे, वर्ण नव्हे, आणि मजकूर मराठी आहे असे सांगितल्यावर चांगला टंक ते आपोआप देतो. कोणता विस्तार वर्णाचा, कोणता केवळ वळणाचा, हा निर्णय भाषाशास्त्राचा आहे. तो कंपनीत बसलेल्या अभियंत्याने एकट्याने करावा अशी त्याचीही इच्छा नसते. सतरा वर्षे ‘ॲ’साठी आग्रह धरणारा आवाज मराठीच्या विभागांतून, परिषदांतून, संमेलनांच्या मांडवांतून उमटल्याचे मला आठवत नाही. या काळात आपण नियम अठरा की एकोणीस असावेत यावर बोलत होतो.

युनिकोडमध्ये चौसष्टशे स्थाने अशी राखून ठेवली आहेत की ज्यांवर मानक स्वतः कधीही काही ठेवणार नाही. ती खाजगी वापरासाठी मोकळी आहेत. माझ्या ओव्यांसाठी तिसरे एखादे चिन्ह लागले असते आणि ते मानकात नसते, तर त्याची रास्त जागा ही होती, आणि सोबत एक पानाची नोंद : या स्थानी हे चिन्ह, त्याचा अर्थ हा. एवढे पुरे होते. विद्यापीठांच्या संशोधन समित्यांनी प्रबंधाच्या संगणकीय प्रतीबरोबर हे एक पान मागावे, आणि युनिकोडमध्ये नसलेली प्रत स्वीकारू नये, ही मागणी मी अधिकृतपणे लेखी केली आहे. उत्तराची वाट पाहत आहे. नियतकालिकांच्या संपादकांना माझे सांगणे याहून निकडीचे आहे. जुन्या अंकांच्या फाइली, त्या कोणत्या टंकात आहेत त्या नावासह, आणि टंकाची फाइलही सोबत, दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात. रूपांतर नंतर होईल. टंक गेला तर ते कधीच होणार नाही.

बोलीतील साहित्याच्या पुनर्मुद्रणाबाबत एक स्वतंत्र धोका आहे आणि तो संपादकांनी ओळखावा. रूपांतरित मजकूर आज शब्दतपासणीच्या प्रणालीतून जातो, आणि ती प्रणाली प्रमाणभाषेचा शब्दसंग्रह घेऊन बसलेली असते. मानक आणि प्रमाण यांचा घोटाळा आपण करतो तसाच तीही करते. वऱ्हाडी कादंबरीचे पुनर्मुद्रण करताना ती तपासणी बंद ठेवावी आणि पहिल्या आवृत्तीशी ओळ अन् ओळ ताडून पाहावी. हे काम पदव्युत्तर वर्गाला प्रकल्प म्हणून देता येते, मी दिले आहे, आणि विद्यार्थी ते कंटाळत का होईना, नीट करतात.

माझ्या फाइलीचे सांगावयाचे राहिले. ज्या दुकानात ती झाली ते आता नाही. तो तरुण, आता तोही चाळिशीकडे आला आहे, गेल्या उन्हाळ्यात चिखलीच्या रस्त्यावर भेटला. टंक त्याच्याजवळ नव्हता. संगणक केव्हाच विकला होता. पण ऱ्हस्व एकार त्याने कोणत्या खुणेच्या जागी बसविला होता ते त्याला आठवत होते, आणि फाइलीत पाहता ते बरोबर निघाले. ओकाराचे त्याला आठवले नाही. परिशिष्टातील ए आता लागतो आहे; ओ साठी मी ग्रंथालयात बसून छापील प्रतीवरून एकेक ओवी ताडीत आहे.